अंगाला चिकटलेली तलवार

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायचा मान दादाचा. माझ्याकडे अळीव पेरायचं काम, आणि गुहेत वाघ बसवायचं. वाघ कोणालाच नको असायचा, कारण किल्ल्याच्या मानाने तो दरवर्षी अवाढव्य निघायचा. गुहेच्या तोंडातून त्याच्या नुसत्या मिशा दिसत. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून यायचे, पेंढ्यात गुंडाळून. घरी वर्तमानपत्रावर ते रांगेने उभे केले की मला दरवर्षी तीच शंका यायची. सगळ्यांच्या तलवारी अंगाला चिकटलेल्या का? लढायला निघालेला माणूस हात उगारील, पुढे झेपावेल. हे सगळे आपले थंडी वाजत असल्यासारखे, कोपर बरगड्यांशी धरून, ढाल पोटावर लावून उभे. पाठ तर कित्येकांना नव्हतीच. मागून पाहिलं की सपाट माती.

"ते पहारा देतायत," दादा म्हणाला. पहाऱ्यावरच्या माणसाला पाठ लागत नाही, हे मी तेव्हा मान्य केलं.

खरं उत्तर मला तिसेक वर्षांनी मिळालं, तेही नॉटिंगहॅममध्ये. कामानिमित्त तिथे साडेतीन वर्षं राहिले. हे गाव आपल्याला रॉबिन हूडमुळे माहीत असतं, पण एका विशिष्ट मंडळींत त्या परिसराला 'लेड बेल्ट' म्हणतात. शिशाचा पट्टा. तिथे शिशाची खाण नाही. टेबलावरच्या लढायांसाठी बोटाएवढे शिपाई, राक्षस, घोडे, तोफा घडवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या तिथे एकमेकींच्या शेजारी आहेत, म्हणून हे नाव. 'वॉरहॅमर' हा खेळ काढणारी गेम्स वर्कशॉप ही त्यांतली सर्वांत मोठी. आता यातलं फारसं काही शिशाचं उरलेलं नाही. पण पुण्यातल्या पेठांत तरी नावाप्रमाणे काय उरलंय?

माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. दर गुरुवारी संध्याकाळी ते एक जड पेटी उचलून चर्चच्या हॉलमध्ये जात. एकदा मी पेटीचं एक कडं धरलं आणि त्यांच्याबरोबर आत गेले. बाहेर आले ती हा नाद घेऊनच. पहिल्या दिवशी नवशिक्याने विचारायचा तो प्रश्न मी विचारला: शिपाई कुठले घेऊ? धातूचे, रेझिनचे की प्लास्टिकचे? लोणच्याला तेल कुठलं घालावं, असं चार बायकांना एकदम विचारल्यावर जे होतं तेच झालं. प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या बरणीला बुरशी आलेली आठवत होती.

शेजारच्या काकांनी (मी त्यांना मनात काकाच म्हणत असे) काही न बोलता माझ्या तळहातावर एक शिपाई ठेवला. धातूचा होता, आणि माझा हात किंचित खाली गेला. इंचाहून जरा उंच, अठ्ठावीस मिलिमीटरच्या मापाचा गडी, वजन वीस-पंचवीस ग्रॅम. मग त्यांनी तेवढ्याच उंचीचा प्लास्टिकचा ठेवला. तो ठेवल्याचं कळलंच नाही.

धातूच्या बाजूने बोलणाऱ्यांचं सगळं म्हणणं त्या एका क्षणात येतं. बाकीचं ते उगाच बोलतात. पण हा वजनाचा मोह जुना आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात कथलाचे चपटे शिपाई ओतायला सुरुवात झाली. पाटीच्या दगडाचे दोन तुकडे घ्यायचे, त्यांत चित्र उलटं कोरायचं, दोन्ही जोडून वरून रस ओतायचा. जेमतेम मिलिमीटरभर जाडीचे शिपाई. समोरून पाहिले तर सेनापती, बाजूने पाहिले तर रेघ! अँडरसनच्या १८३८ मधल्या गोष्टीतला एका पायाचा शिपाई याच कुळातला. एका जुन्या कथलाच्या चमच्यातून पंचवीस भाऊ ओतले, शेवटच्याला कथील पुरलं नाही म्हणून त्याचा एक पाय राहिला. लहानपणी ही गोष्ट वाचून मी रडले होते. आता वाचते तेव्हा वाटतं, अँडरसनने ओतकाम जवळून पाहिलं असणार. रस कमी पडला की पहिलं काय राहतं? साच्याचं लांबचं टोक. पाय, तलवारीचं अग्र, भाल्याचं टोक.

कथील म्हटलं की मला मात्र जर्मनी नाही आठवत, कल्हईवाला आठवतो. अंगणात भट्टी, भात्याची फुसफुस, नवसागराचा नाकात शिरणारा पांढरा धूर, आणि तापलेल्या पातेल्यात कथलाची काडी फिरवून कापसाचा बोळा झर्रकन मारला की काळ्या भांड्यात चंद्र उगवायचा. त्याच्याकडे मागून आणलेला कथलाचा तुकडा कानाशी धरून वाकवला की आतून कुरकुरतो. दादा म्हणायचा, "तो रडतोय." ही काही दादाची कल्पना नव्हे, आतल्या स्फटिकांच्या थरांची जागा बदलते त्याचा तो आवाज, आणि इंग्रजीतही त्याला कथलाचं रडणंच म्हणतात. नॉटिंगहॅममध्ये एका शिपायाची वाकडी संगीन सरळ करताना तो आवाज मी पुन्हा ऐकला. हॉलमध्ये दहा इंग्रज माणसं फासे टाकत होती आणि मी नवसागराच्या धुरात उभी होते.

आजचे धातूचे शिपाई बहुतेक कथलाचेच, त्यात थोडं अँटिमनी वगैरे. पूर्वी शिसं सढळ हाताने असे, कारण ते स्वस्त, आणि कथलात मिसळलं की मिश्रण लवकर वितळून साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं. विषारी आहे हेही खरंच. १९९३ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या मूर्तींवर बंदी येणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा सिनसिनाटीच्या राल पार्था या जुन्या कंपनीने बिनशिशाचा मिश्रधातू काढला आणि त्याला स्वतःच्या नावावरून 'रॅलिडियम' असं भारदस्त नाव दिलं. धातू महाग झाला, शिपाई महागले, आणि जुने शिशाचे जपून ठेवणाऱ्यांचा एक पंथ तयार झाला. त्या पंथाला शापही आहे. ओकच्या लाकडातून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. तशा सुरेख कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या शिशाच्या शिपायांच्या अंगावर पांढरी भुकटी धरते आणि ते आतून खचत जातात. चांगल्या कपाटात ठेवले म्हणून गेले, भाजीच्या खोक्यात ठेवले असते तर वाचले असते.

पण मला सांगायचंय ते साच्याबद्दल.

धातूचा शिपाई कसा ओततात, ते काकांच्या ओळखीच्या एका कारखान्यात पाहिलं. कारखाना म्हणजे घरामागची शेड. रबराच्या दोन जाड चकत्या, भाकरीवर भाकरी ठेवावी तशा. त्यांच्यामध्ये मूळ मूर्ती गोल मांडून, उष्णता आणि दाब देऊन रबर पक्कं केलेलं. मधल्या भोकातून वितळलेला धातू ओतायचा आणि चकती गरागरा फिरवायची. दळताना जात्यातून पीठ कडेला जातं तसा रस बाहेरच्या बाजूला धावतो आणि प्रत्येक पोकळीत शिरतो. मिनिटा-दोन मिनिटांत चकत्या उघडायच्या, की चाकाच्या आऱ्यांसारखे शिपाई बाहेर. ओतणाऱ्या माणसाने एक शिपाई चिमट्याने उपटला आणि मला दाखवला. हात अंगाशी, बंदूक छातीला समांतर, पाय एका रेषेत.

"असा का उभा आहे हा?" मी विचारलं.

"कारण त्याला बाहेर यायचंय," तो म्हणाला.

दोन चकत्यांमधून निघायचं तर अंग चोरूनच निघावं लागतं. हात पुढे काढला तर तो रबरात अडकणार. रबर थोडं लवतं, म्हणून थोडी सूट मिळते. कुंभाराचा साचा तेवढाही लवत नाही. तिथेच, त्या शेडमध्ये, कसब्यातले मावळे डोळ्यांसमोर आले. ते पहारा देत नव्हते. त्यांना साच्यातून बाहेर यायचं होतं. आणि ज्यांना पाठ नव्हती ते एकाच फाळीच्या साच्यात दाबलेले होते.

तेव्हापासून कुठलाही शिपाई पाहिला की मी तो कुठल्या साच्यातून निघाला असेल ते आधी पाहते. मग धातू-रेझिन-प्लास्टिकचं भांडण निराळंच दिसू लागतं.

रेझिन घ्या. दोन द्रवं मिसळायची, ती आपोआप घट्ट होतात. साचा सिलिकोनचा, जेलीसारखा लवचिक. त्यातून उगारलेला हात, फडफडणारं उपरणं, ड्रॅगनच्या जबड्यातला दातन् दात, सगळं सोलून काढता येतं. मूर्तिकाराच्या नखाचा ओरखडासुद्धा उतरतो. पण हा मऊ साचा फार जगत नाही. काही डझन नगांत तो फाटायला लागतो. शिवाय ओतताना अडकलेली हवा. मी हौसेने मागवलेल्या एका रेझिनच्या सरदाराच्या नाकाच्या शेंड्यावर नेमका बुडबुडा होता. नाकच नाही! ज्यांच्याकडून घेतला त्यांनी दुसरा पाठवला. त्याला नाक होतं, एक कान नव्हता. शेवटी पहिल्याचा कान... असो. गेम्स वर्कशॉपने २०११ साली आपले पुष्कळसे धातूचे नग 'फाइनकास्ट' नावाने रेझिनमध्ये आणले, तेव्हा या बुडबुड्यांवरून इतकी कुरकुर झाली की शिपायांपेक्षा बुडबुडेच जास्त प्रसिद्ध झाले. रेझिनच्या पुढ्यात बसायचं तर आधी साबणाच्या पाण्यात अंघोळ घालावी लागते, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेल्या तेलकट थरावर रंग टिकत नाही. घासायचं तर ओलं करून आणि तोंडाला मास्क लावून. ती भुकटी छातीत जाऊ देण्याजोगी नाही. एवढं सोवळं पाळल्यावर मिळतं ते मात्र देखणं असतं. आणि पडलं की तुटतं.

प्लास्टिकचं सगळं उलट. पॉलिस्टायरीन वितळवून प्रचंड दाबाने पोलादी साच्यात कोंबायचं. पोलाद जराही लवत नाही. दोन अर्धे सरळ रेषेत विलग होतात, त्यामुळे आकड्यासारखं काही अडकलं की संपलं. साचा एवढा महाग की हजारो नग काढल्याशिवाय तो परवडतच नाही. पण तितके निघतातही, आणि शेवटचा पहिल्याइतकाच रेखीव. मग उगारलेला हात कसा काढायचा? तर माणसाचे तुकडे करायचे. धड वेगळं, हात वेगळे, डोकं वेगळं, पाठीवरची पिशवी वेगळी. हे सगळं एका चौकटीत, चिंचेच्या फांदीला चिंचा लागाव्यात तसं. १९८७ मध्ये वॉरहॅमर ४०,००० निघालं त्याच सुमारास अशा तीस अंतराळशिपायांचा खोका आला. ज्यांनी तेव्हा तो फोडला ती माणसं आज पन्नाशीत आहेत आणि त्या खोक्याबद्दल माहेरच्या वाड्याबद्दल बोलावं तशी बोलतात.

आणि इथे एक गंमत होते. सगळ्यांत कडक साच्याने सगळ्यांत मोकळा शिपाई दिला. तुकड्यातुकड्यांनी आलाय, म्हणून त्याचा हात कुठे वळवायचा ते मी ठरवायचं. डोकं डावीकडे की उजवीकडे, भाला खांद्यावर की पुढे रोखलेला. याचं डोकं त्याला, त्याचा हात याला. प्लास्टिकचा गोंद तर गोंद नव्हेच. तो दोन्ही कडा विरघळवतो आणि त्या एकमेकींत मिसळून जातात. वाळल्यावर जोड असा उरत नाही. धातूला नि रेझिनला सुपरग्लू लागतो, तो नुसता चिकटवतो. धातूचा हात वजनाने सुटतो म्हणून दोन्हीकडे बारीक भोकं पाडून आत तार घालावी लागते. माझ्या घोडेस्वाराच्या खांद्यात अशी तार आहे; माझ्या आत्याच्या गुडघ्यात आहे तशीच.

मऊ प्लास्टिक हा आणखी एक पोटभेद. टेक्सासच्या रीपर कंपनीने २०१२ साली त्यातल्या शिपायांसाठी लोकांकडून आगाऊ पैसे मागितले, ते ३४ लाख डॉलरच्या वर जमले. स्वस्त, टाकला तरी न फुटणारा माल. पण त्यांच्या तलवारी शिळ्या मेथीच्या काडीसारख्या वाकलेल्या येतात. कडकडीत पाण्यात धरून सरळ करायच्या आणि लगेच गार पाण्यात बुडवायच्या. शेवया करताना माझी इतकी धांदल होत नाही.

प्लास्टिकला नाकं मुरडणाऱ्यांना मी एक जुनी हकिगत सांगते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली छापून आला, त्याच्या आधीपासून त्याचा एक कर्ता गॅरी गायगॅक्स टेबलावर खेळ मांडत असे. राक्षसांसाठी त्याने हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त खेळण्यांची एक पिशवी आणली होती. पाकिटावर प्रागैतिहासिक प्राणी असं लिहिलेलं, पण आतले प्राणी कुठल्याच इतिहासातले वाटत नव्हते. त्या विद्रूप प्लास्टिककडे बघून बघून त्याच्या मित्रमंडळींनी त्यांना नावं, सवयी आणि खाणंपिणं दिलं. लोखंड गंजवून खाणारा त्या खेळातला तो प्रसिद्ध राक्षस त्या पिशवीतूनच बाहेर आला. एखाद्या अनाम कामगाराने घाईत कोरलेल्या साच्यातून पन्नास वर्षं टिकलेलं जनावर निघालं. वजन, धातू, परंपरा वगैरे बोलणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

नॉटिंगहॅमच्या मूर्तिकारांत पेरी या जुळ्या भावांचं नाव फार आदराने घेतात. त्यांतल्या मायकलचा उजवा हात १९९६ साली फ्रान्समध्ये जुन्या लढाईचा देखावा उभा करताना तोफेच्या अपघातात गेला. तो डाव्या हाताने कोरायला शिकला. त्याचे आधीचे आणि नंतरचे शिपाई शेजारी ठेवून मी पुष्कळदा पाहिले; मला तरी फरक काढता आला नाही. त्यांच्याकडे धातूही आहे, प्लास्टिकही. कुठलं श्रेष्ठ म्हणून भांडत बसण्यापेक्षा त्यांनी पायदळाची गर्दी प्लास्टिकमध्ये आणि पाच-दहाच लागणारी माणसं धातूत, अशी सोय केलेली दिसते. यात कलेपेक्षा हिशेब जास्त आहे. पोलादी साचा गर्दीलाच परवडतो. एकटा ढोलवाला, जखमी अधिकारी, पाणक्या यांच्यासाठी कोण पोलाद कोरणार? एकट्यादुकट्या माणसाला रबराचीच चकती.

हे मला परत येताना कळलं. मी असईची लढाई मांडायचं ठरवलं होतं. २३ सप्टेंबर १८०३, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातलं गाव, आताच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला वेलस्ली, दुसऱ्या बाजूला शिंदे आणि भोसले. इंग्लंडातल्या टेबलांवर ही लढाई चवीने खेळली जाते. पुढे वॉटर्लू जिंकणारा माणूस इथे होता, हे तिथलं कारण. माझं कारण वेगळं, हे सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूच्या लाल डगल्यांसाठी प्लास्टिकची जुळवाजुळव करता आली. मराठ्यांसाठी मात्र धातूच घ्यावा लागला. पेट्या भरल्या तेव्हा एका बाजूची फौज पिसासारखी आणि दुसरीचं वजन साडेतीन किलो.

विमानतळावर ती पेटी यंत्राच्या पडद्यावर काळीकुट्ट दिसली. साहेबांनी उघडायला लावली.

"हे काय आहे, मॅडम?"

"शिपाई आहेत. मराठ्यांचे."

"किती?"

"एकशे साठ."

त्यांनी एक उचलला, तळहातावर तोलला. हात किंचित खाली गेला. "मुलासाठी?"

"नाही. माझ्यासाठी."

त्यांनी तो शिपाई पुन्हा फोमच्या खाचेत ठेवला, आधी होता तसाच, तोंड उजवीकडे करून. माणूस मावळे मांडून मोठा झालेला असणार.

आता साचाच नको म्हणणारे आलेत. पातळ रेझिनच्या टाकीत खालून प्रकाश पाडून थरावर थर घट्ट करत शिपाई छापायचा. माझ्या ओळखीचा एक मुलगा कोथरूडच्या गॅलरीत हे करतो. हातमोजे, अल्कोहोलची अंघोळ, मग वाळवायला निळा प्रकाश. साचा नसल्याने पवित्र्याला अटकाव नाही; उडी मारलेला, उलटा लटकलेला, काहीही. पण हवेत काहीच थरावर थर चढत नाही, म्हणून प्रत्येक हाताला, प्रत्येक बोटाला बारीक टेकू लावावे लागतात. ते तोडल्यावर अंगावर देवीच्या वणासारख्या खुणा राहतात. त्या कानसताना मी दोनदा मनगटं मोडलीत. त्याने दोन्ही वेळा चहा संपायच्या आत नवीन माणूस छापायला लावला. खरं सांगायचं तर त्यामुळेच मला त्यात तितका जीव रमवता येत नाही. पण माझं वय झालं, असंही असेल.

गेल्या दिवाळीत दादाच्या मुलाने सोसायटीच्या पार्किंगमागे किल्ला केला. मी दोन धातूचे आणि चार प्लास्टिकचे शिपाई घेऊन गेले. त्याने ते तपासले, छान आहेत म्हणाला, आणि बाजूला ठेवले. "आत्या, हे फार बारीक आहेत. यांच्यासमोर वाघ केवढा दिसेल!" कुंभारवाड्यातले मावळे त्याने आधीच आणले होते. एक हातात घेऊन म्हणाला, "याची तलवार चिकटलीये का?"

मी सरसावून बसले. दोन फाळ्यांचा साचा, रबर, पोलाद, सगळं सांगायला घेतलं. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याचे हात बुरुजासाठी मळलेल्या मातीत होते. माझं संपेपर्यंत त्याने एक ओबडधोबड मावळा वळला होता, डोकं मोठं, पाय जाड, आणि उजवा हात सरळ आभाळाकडे. हात लगेच खाली झुकला. त्याने तो परत वर केला. परत झुकला. मग मातीत आगपेटीची काडी खुपसली.

सकाळी गेले तेव्हा हात खांद्यापाशी तडकून लोंबत होता. तो आधीच तिथे उकिडवा बसला होता. "काडी आखूड पडली," म्हणाला, आणि देवघरातून आणलेली उदबत्तीची जळकी काडी मापाने मोडू लागला.